बदक नावावर होईपर्यंत

वाहन नोंदणी कार्यालयाच्या फाटकातच एक जुनी व्हॅन रुसून बसली होती. पुढे सरकेना, मागे हटेना. तिच्यामागे स्कूटर, टेम्पो आणि एका ट्रॅक्टरची शेपूट लागली होती. सगळ्यांनी मिळून हॉर्नचा असा काही गदारोळ मांडला होता की आतली माणसं खिडक्यांतून माना काढून बघत होती. स्टिअरिंगवर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, चेहरा उन्हानं रापलेला, गळ्यात शिट्टी. मधूनच त्या शिट्टी फुंकत आणि खिडकीतून मागे ओरडत, "ढकल रे, सकाळी जेवला नाहीस का?"

मागे एक तरुण एकटाच व्हॅनला खांदा लावून उभा होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि बूट मातीत घसरत होते.

तेवढ्यात एक मुलगी बसमधून उतरून घाईघाईनं फाटकाशी पोचली. आज तिची पहिली गाडी तिच्या नावावर व्हायची होती. पहाटेच जाग आली होती, डब्यात चमच्याऐवजी थर्मामीटर भरला होता, आणि छातीत नुसती धडधड चालली होती. पण गुरांची डॉक्टर ती. बसकण मारलेल्या म्हशीला उठवण्यात जिचे दिवस जातात, तिला अडलेली गाडी बघून नुसतं उभं राहवेना. तिनं फाइल पाठीवरच्या पिशवीत कोंबली आणि त्याच्या शेजारी जाऊन खांदा टेकला.

"असं नाही. कंबर खाली घ्या," ती म्हणाली. "आणि जोर गुडघ्यातून."

त्यानं मान वळवून बघितलं. चेहरा घामानं निथळत होता, पण डोळे हसरे होते. "तुम्ही रोज गाड्या ढकलता का?"

"गाड्या नाही. म्हशी."

तो इतका हसला की त्याचा होता तो जोरही गेला. मग सावरून दोघांनी एकदम रेटा दिला आणि व्हॅन कुरकुरत हलली. फाटक मोकळं झालं. मागची शेपूट भुर्रकन आत शिरली. व्हॅन मात्र अंगणाच्या टोकाला, झाडाखाली न्यायची होती. दोघं ढकलत राहिले.

"कसली गाडी आहे हो ही?" तिनं विचारलं.

"गाडी नाही, बदक आहे. माझ्या आत्याचं. चालताना डुलतं, पाणी साचलेलं दिसलं की नेमकं त्यातूनच जातं, आणि मनात नसेल तर जागचं हलत नाही."

"मग ठेवलंय कशाला?"

"विकतोच आहोत. आजच." त्यानं आवाज खाली आणला. "कुणीतरी गुरांची डॉक्टरीण घेतेय म्हणे. खरं सांगू? मला तर तिची दया येते."

तिचे पाय क्षणभर थबकले. धुळीनं माखलेल्या मागच्या नंबरपाटीवर तिचा तळहात होता. तिनं तो हळूच सरकवला, धूळ पुसली गेली... आणि आठवडाभर तोंडपाठ केलेला नंबर तिच्याकडे बघून डोळे मिचकावू लागला. फोटोत व्हॅन समोरून होती, धुऊनपुसून लख्ख. प्रत्यक्ष बघायला मामा गेले होते. तिचे मामा मेकॅनिक, त्यांच्या शब्दापुढे तिनं दुसरं काही बघितलंच नव्हतं.

तिनं ओठ दाताखाली दाबला. "दया कशाला?"

"आता बघा ना – दुसरा गिअर हात जोडल्याशिवाय पडत नाही. डावं दार आतून उघडत नाही. वायपर एकच चालतो, तोही ड्रायव्हर नसलेल्या बाजूचा. आणि उतारावर हॉर्न आपोआप वाजायला लागतो."

"अगंबाई."

"तुम्हाला कुठे दिसली तर सांगा तिला. म्हणावं, अजून वेळ गेलेली नाही. चांगली उंच, धिप्पाड, हातात दांडकं अशी असेल. गुरांची डॉक्टर म्हणजे..."

"दिसली तर नक्की सांगेन," ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

आत खिडकीपाशी रांग होती. काचेपलीकडे लाल चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्या माणसांकडे कमी आणि कागदांकडे जास्त बघत. नंबर पुकारला गेला, तसे आत्या आणि तो पुढे सरकले.

"विकणार कोण?" बाईंनी विचारलं.

"आम्ही," आत्या म्हणाल्या.

"घेणार कोण?"

"मी," ती मागून म्हणाली.

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग आधी उडाला, मग परत आला, आणि आला तो कानापर्यंत गेला.

"तुम्ही?"

"दांडकं घरी राहिलं," ती म्हणाली.

आत्यांनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं आणि त्या शिट्टीशी चाळा करत राहिल्या.

लाल चष्म्याच्या बाईंनी कागद चाळले. व्हॅन घेताना ती आत्या आणि त्यांचा भाऊ अशा दोघांच्या नावावर घेतली होती. भाऊ आता हयात नव्हते. त्यांच्या जागी त्यांच्या मुलाची, म्हणजे या तरुणाची, ना हरकत सही लागणार होती, आणि तो त्यांचाच मुलगा हे दाखवायला मूळ जन्मदाखला.

"आणा," बाई म्हणाल्या.

त्यानं एक खिसा चाचपला. दुसरा चाचपला. "घरी राहिला वाटतं."

"मग उद्या या. आणि हे बघा, परवा शुक्रवार. शनिवारपासून नवीन नियम. इतक्या जुन्या गाड्यांची नावं बदलणं बंद. मग ही नुसती भंगारात जाईल. चेसिस नंबरचा ठसा घेतलाय का?"

नव्हता घेतला. चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा खरा आकडा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा उठवायचा. सोपं काम. फक्त बदकाचा आकडा पोटाखाली होता, आणि पोटाखाली जायचं तर आडवं व्हायला हवं होतं.

"मी जातो," तो म्हणाला.

"मलाही बघू दे. उद्यापासून माझंच आहे ते," ती म्हणाली, आणि तो नको म्हणायच्या आत पाठीवर सरपटत आत गेलीसुद्धा.

व्हॅनखाली गारवा होता. तेलाचा, मातीचा, गरम लोखंडाचा वास होता. बाहेर लोकांचे पाय येत-जात होते आणि आत फक्त ते दोघं, खांद्याला खांदा, वर बघत. त्यानं चिंधीनं काजळी पुसली. तिनं कागद धरला. तो पेन्सिल घासू लागला, तसा करड्या रेषांतून एकेक आकडा वर येऊ लागला.

"हा तीन आहे की आठ?" त्यानं विचारलं.

"आठ."

"नक्की? माझं दुकान चष्म्यांचं आहे. मी लोकांना दिवसभर हेच विचारत असतो."

"मग तुमच्या दुकानात बसलेय असं समजून सांगते, आठ. पुढचा शून्य."

"पुढचा?"

"पुढचा... तुमचं कोपर मधे येतंय."

त्यानं कोपर काढलं नाही लगेच. थोडं उशिरानं काढलं. "सॉरी हं," तो म्हणाला. "फाटकात बोललो त्याबद्दल."

"दयेबद्दल की दांडक्याबद्दल?"

"धिप्पाडबद्दल."

तिला हसू आवरेना. हसताना कागद हलला, ठसा फिसकटला, आणि पुन्हा पहिल्यापासून घासावं लागलं. दोघांपैकी कुणीच तक्रार केली नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या नाकावर काजळीचा पट्टा होता. त्यानं आपल्या नाकावर बोट ठेवून तिला खूण केली. ती पुसायला गेली आणि तो अख्ख्या गालावर पसरला. त्यानं हसू दाबलं, आणि बसमध्ये सगळ्या वाटेवर तिला तो हसू दाबलेला चेहराच दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधी आली. तो त्याहून आधी आला होता. दोघांनीही आपण आत्ताच आलो असं सांगितलं.

खिडकीवर त्यानं मोठ्या ऐटीत पिशवीतून कागद काढून दिला. लाल चष्म्याच्या बाईंनी तो उलटासुलटा केला. "हे लहानपणीच्या लशींचं कार्ड आहे."

"असं होय," तो म्हणाला.

"गोवराची लस घेतली आहे, चांगलं आहे. पण त्यावर गाडी नावावर होत नाही. साहेबांना विचारते चालेल का. बसा."

साहेब कुठल्याशा बैठकीत होते. दोघं बाकावर बसले. आत्या झाडाखाली बदकाची काच पुसत होत्या. बाकासमोरच्या यंत्रातून त्यानं दोन कप चहा आणला. यंत्राच्या चहाला गरम पाण्यापलीकडे फारशी चव नव्हती, तरी तिनं तो जपून जपून, संपू नये असा प्यायला.

"तुमचा चष्मा वाकडा आहे," तो म्हणाला.

"परवा एका शेळीनं शिंग मारलं."

"कालपासून बघतोय. राहवत नाही. देता?"

तिनं चष्मा काढून दिला आणि समोरचं सगळं जग विरघळलं. रांग, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्याचे नुसते रंग झाले. त्यातला जवळचा, निळसर रंग म्हणजे तो. त्यानं चष्म्याची काडी गरम कपाला टेकवून धरली. बोटांनी हळूच वाकवली, डोळ्यांसमोर धरून बघितली, पुन्हा वाकवली. मग तो जवळ सरकला आणि दोन्ही हातांनी चष्मा तिच्या कानांवर ठेवला. बोटं केसांना लागली... न लागल्यासारखी.

जग जागेवर आलं. सगळ्यात आधी त्याचा चेहरा आला, अगदी जवळ, भुवईवरची बारीक खूणसुद्धा दिसण्याइतका.

"आता नीट दिसतंय?" त्यानं विचारलं.

"हं," ती म्हणाली. "तुला काय गिऱ्हाइकांची रांगच लागत असेल."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण 'तू' म्हणालो. त्याच्याही लक्षात आलं. त्यानं घाईनं चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

मग ती बोलत सुटली. सोमवारपासून डोंगराकडच्या गोठ्यांचं काम तिला मिळणार होतं. तिकडे बस जात नाही. आजारी जनावर कुणी खांद्यावर घेऊन शहरात येऊ शकत नाही, म्हणून डॉक्टरनंच जायचं. अट एकच होती – स्वतःच्या नावाची गाडी हवी. सोमवारी कागद दाखवले नाहीत तर काम दुसऱ्याला जाणार.

"घरचे म्हणतात, शहरात कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढ. पण एकदा गाईच्या डोळ्यात बघितलं ना की..." ती थांबली. "हसू नकोस."

"हसत नाहीये," तो म्हणाला. तो खरंच हसत नव्हता. उलट त्याचा चेहरा एकाएकी उतरला होता. "सोमवारी म्हणजे... येत्याच?"

"येत्याच."

साहेबांचा निरोप आला की लशीच्या कार्डावर चालणार नाही. मूळ दाखलाच हवा, आणि उद्या शेवटचा दिवस. तो एकदम उठला आणि पाणी पिऊन येतो म्हणून गेला.

ती झाडाखाली आत्यांकडे गेली. आत्यांनी फडकं पिळलं आणि तिच्याकडे बघून सुस्कारा टाकला.

"पोरी, तुला एक सांगते. मला लपवाछपवी जमत नाही. पोहायला शिकवण्यात जन्म गेला माझा. पाण्यात ढकलायचं असेल तर पोराला तसं सांगून ढकलते मी." त्यांनी बदकाच्या टपावर हात ठेवला. "हा मुलगा तुला गाडीबद्दल काय काय बोलला असेल ते मला ठाऊक आहे. तुझ्याआधी तीन गिऱ्हाइकं पळवलीत त्यानं. एकाला म्हणे सांगितलं, सीटखाली विंचू निघतात. काल फाटकात बंद पडलं ते पेट्रोल संपून. भरून आण म्हटलं होतं, तर विसरला म्हणे. शेवटी मीच डबा आणून ओतलं."

तिच्या हातातली पिशवी खाली आली. "आणि... जन्मदाखला?"

"ते त्यालाच ठाऊक. पण याची आई लवकर गेली, मग माझा भाऊ गेला. या गाडीच्या मागच्या सीटवर अभ्यास करून, झोपून, भांडून वाढलाय तो. माझं मनगट मोडलं, गिअर टाकता येत नाही, म्हणून मी विकतेय. त्याला वाटतं, गाडी गेली की आत्या घरात बसेल आणि म्हातारी होईल."

ती मान हलवत राहिली. आत्यांचं सगळं तिला समजत होतं, त्याचंही समजत होतं. पण एक गोष्ट काट्यासारखी रुतली होती. म्हणजे ते हसणं, तो चहा, तो चष्मा... सगळं शुक्रवार निघून जावा म्हणून?

तो पाणी पिऊन आला. "उद्या नक्की आणतो. तू—"

"तुम्ही आणाल तेव्हा खरं," ती म्हणाली आणि वळून बसस्टॉपकडे चालू लागली.

'तुम्ही' ऐकून तो जागच्या जागी थांबला, हे तिला न बघताही कळलं.

शुक्रवारी ती आली ती मन घट्ट करूनच. दाखला असेल तर ठीक, नसेल तर दुपारी मामांना फोन करायचा, दुसरी गाडी शोधायची, रडायचं नाही. कार्यालयाचं दार नुकतंच उघडत होतं. दाराशी रांगेत सगळ्यात पुढे तो उभा होता. दाढी केलेली नव्हती. हातात एक जुना, घड्यांवर विरलेला कागद होता आणि त्यानं तो असा धरला होता की जणू वाऱ्यानं उडेल.

ती शेजारी उभी राहिली. पलीकडे आत्या.

खिडकी उघडली. त्यानं दाखला आत सरकवला. लाल चष्म्याच्या बाईंनी वाचला, उजेडाकडे धरला. "हा कुठे होता एवढे दिवस?"

"खिशात," तो म्हणाला.

तिनं चमकून बघितलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता, पण बोलत होता तिच्याशीच.

"बुधवारी शर्टाच्या खिशात होता. काल पँटच्या. बुधवारी दिला नाही तो गाडी जाऊ नये म्हणून. माझं चुकलं. तुझ्या कामाचं मला माहीत नव्हतं, पण तरी चुकलंच. आणि काल दिला नाही तो... काल गाडीचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. काल वेगळ्याच कारणासाठी—"

"काल कशासाठी ते खिडकीवर नको," बाई म्हणाल्या. "मागे रांग आहे. सही इथे करा."

रांगेतला टेम्पोवाला म्हणाला, "बोलू द्या ना बाई, आम्हाला घाई नाही."

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून असं बघितलं की तो भिंतीवरचे नियम वाचायला लागला. पण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला होता, तो तिनं बघितला.

त्यानं सही केली. आत्यांनी दुखऱ्या मनगटानं एका झटक्यात केली. मग तिनं केली. शिक्का आपटला. पावतीवर गाडीचा नंबर आणि त्याखाली तिचं नाव उमटून आलं. आत्यांनी आनंदानं शिट्टी फुंकली आणि अख्ख्या कार्यालयानं दचकून वर बघितलं.

बाहेर ऊन छान पडलं होतं. आत्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली, तिची मूठ मिटली आणि वर आपला हात दाबला. "थांबवून ठेवू नकोस त्याला. उभं राहिलं की गंजतं. माणसाचंही तसंच." मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि माझी काळजी पुरे. तलावावर नव्या बायकांचा वर्ग घेतलाय मी. चाळिशीच्या पुढच्या, पाण्याला घाबरणाऱ्या. पहिला तास आज आहे. येते."

बदकाच्या नाकाडावर एक थाप मारून त्या ताठ पाठीनं चालत्या झाल्या. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"मला वाटलं होतं, आत्या रडेल," तो म्हणाला.

"कुणी रडलंच नाही की."

"रडतोय ना, मी रडतोय." त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि स्वतःच हसला. मग हसू मावळलं. "माझं ऐकशील? दोनच मिनिटं."

तिच्या छातीत पुन्हा बुधवारसारखी धडधड सुरू झाली. पण आज कारण गाडी नव्हती. "ऐकते. मात्र 'गाडीबरोबर मनही तुझ्या नावावर केलं' असलं काही बोललास तर मी निघून जाईन."

त्याचा चेहरा पडला. "तेच पाठ करून आलो होतो."

"मग साधं बोल."

त्यानं खोल श्वास घेतला. "काल दाखला दिला असता तर तू काम संपवून निघून गेली असतीस. मला एक दिवस आणखी हवा होता. तुझ्या सोमवारचं कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पण त्या क्षणी बाकावरून उठून तो खिडकीत द्यायचीही हिंमत झाली नाही, कारण सगळं सांगावं लागलं असतं. मला तू आवडतेस. व्हॅनखाली 'आठ' म्हणालीस ना, तेव्हापासून. आता भेटायला कुठलाच कागद उरला नाही. तर कागदाशिवाय... कामाशिवाय... भेटत जाशील का मला? नेहमी?"

तिनं तोंड उघडलं. आणि नेमका फोन वाजला.

डोंगराकडचा एक शेतकरी होता, नव्या डॉक्टरणीचा नंबर त्यानं आधीच मिळवला होता. आवाज कापत होता. गाय पहाटेपासून अडलीय, वासराचा एकच पाय बाहेर दिसतोय. डॉक्टरीणबाई, सोमवारची वाट बघितली तर गाय जाईल.

"निघालेच," ती म्हणाली. फोन खिशात टाकला आणि दार उघडलं. तो तसाच उभा होता, अर्धं वाक्य हवेत सोडून दिलेल्या माणसासारखा.

"बघतोस काय, बस आत. मला ओढायला माणूस लागेल."

"आणि उत्तर?"

"आधी गाय."

बदक पहिल्या फटक्यात सुरू झालं. फाटकातून डुलत बाहेर पडलं, मोठ्या रस्त्याला लागलं, मग चढाला. तिच्या हातात तिचं स्वतःचं स्टिअरिंग होतं, खिडकीतून वारा येत होता, आणि शेजारी तो. तिला ओरडावंसं वाटत होतं. दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. तिनं त्याच्याकडे बघितलं, तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"हात जोडावे लागतात ना रे?"

"तुझ्याकडे बघून सुधारलं असेल," तो बाहेरच बघत म्हणाला.

गोठ्यात गाय आडवी पडली होती. डोळे पांढरे, श्वास धापांचा. शेतकरी आणि त्याची बायको गाईच्या डोक्याशी बसून अंगावरून हात फिरवत होते. तिनं बाह्या वर केल्या, हात साबणानं धुतले आणि गुडघ्यांवर बसली. आता ती दुसरीच कुणी झाली होती, शांत, कानात प्राण आणून ऐकणारी. तिनं हात आत घातला, डोळे मिटले.

"एक पाय मागे दुमडलाय," ती म्हणाली. "मान सरळ आहे. जिवंत आहे अजून. दोरी दे."

त्यानं दोरी दिली. ती कुजबुजत होती, गाईशी की वासराशी, त्याला कळेना. तिच्या कपाळावरून घाम ओघळला, तसा त्यानं न विचारता आपल्या बाहीनं टिपला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिचा चेहरा उजळला.

"आला. सरळ झाला. आता मी सांगेन तेव्हाच ओढ. गाय कळ देईल तेव्हा. कंबर खाली, जोर गुडघ्यातून... थांब... थांब... हं, आता."

त्यानं ओढलं. गाय हंबरली. पुन्हा थांबले, पुन्हा ओढलं. आणि एकदम सगळं सैल झालं. ओलंचिंब, वाफाळतं वासरू घसरत बाहेर आलं आणि त्या धक्क्यानं तो सपशेल मागे पेंढ्यात आपटला. वासरू अर्धं त्याच्या मांडीवर.

ते हलेना. तिनं वासराच्या नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, नाकपुडीत पेंढ्याची काडी फिरवली. मग वासरू शिंकलं. मान झटकली. गाईनं वळून त्याला हुंगलं आणि खरखरीत जिभेनं चाटायला सुरुवात केली. वासराबरोबर त्याचा हातही चाटला गेला.

तो पेंढ्यात बसून होता. शर्ट बरबटलेला, केसांत काड्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी तोंडभर हसत तो तिच्याकडे बघत होता. चष्म्याच्या दुकानातल्या या माणसाला आपण कसे दिसतो याची आत्ता जराही पर्वा नव्हती. तिला वाटलं, याच्याइतका देखणा माणूस आपण जन्मात बघितला नाही.

"काय झालं, डॉक्टरीणबाई?" शेतकऱ्यानं अधीरपणे विचारलं. "गोऱ्हा की कालवड?"

ती पेंढ्यातल्या त्याच्याकडेच बघत होती.

"हो," ती म्हणाली.

शेतकरी बुचकळ्यात पडला. "हो म्हणजे?"

"कालवड आहे," ती म्हणाली. नजर न हलवता. "आणि... हो. नेहमी."

पेंढ्यातला माणूस उठायला गेला आणि वासराच्या पायांत अडखळून पुन्हा खाली बसला. शेतकऱ्यानं बायकोकडे बघितलं. ती केव्हाची पदराआड हसत होती.

"तुम्ही चला बघू माझ्याबरोबर, गरम पाणी आणायचंय," ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्याच्या हाताला धरून त्याला गोठ्याबाहेर घेऊन गेली.